मुलीला परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला फरक कसा समजावू?

घरकुलची_आई
नमस्कार. मी सोलापुरात विडी घरकुल भागात राहते. मुलगी सहावीत आहे. परवा शाळेतून चाचणीचा पेपर आला. प्रश्न साधा होता : लांबी १२ सेमी, रुंदी ७ सेमी, आयताची परिमिती काढा. तिने ८४ सेमी लिहिलं. पुढच्या प्रश्नात त्रिकोणाच्या तिन्ही बाजू दिल्या होत्या, तिथे तिने त्यातल्या दोन बाजूंचा गुणाकार केला.

सूत्रं तिला येत नाहीत असं नाही. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवते. कुठं कुठलं घालायचं तेच कळत नाही. मी विचारलं, "परिमिती म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "दोन कंसात लांबी अधिक रुंदी." मग मलाही पुढे काही सांगता येईना. मी दहावी झालेय, आता दिवसभर मशिनवर टॉवेलला शिलाई मारते. कुणीतरी सोपं करून सांगा. ट्यूशन लावायची ऐपत नाही आणि तिला गणिताची भीती बसू नये असं फार वाटतं.

खडू_फळा
ताई, आधी एक सांगतो. तुमच्या मुलीने "परिमिती म्हणजे काय" याला सूत्र म्हणून दाखवलं, ते तिच्या एकटीचं नाही. तीस वर्षं मी पाचवी ते आठवीला गणित शिकवलं आणि वर्गातली निम्मी मुलं हेच उत्तर देत. आपण मुलांना शब्द देण्याआधी सूत्र देतो.

शब्दाकडे बघा. परि म्हणजे भोवती, मिती म्हणजे माप. भोवतीचं माप. आकृतीच्या कडेकडेने निघायचं, सगळ्या बाजू चालायच्या आणि निघालो तिथेच परत यायचं. जेवढं चाललो तेवढी परिमिती. म्हणजे प्रदक्षिणाच. तिला आधी घराबाहेरच्या एखाद्या चौथऱ्याभोवती पावलं मोजत फिरवा. वही-पेन नको.

आणि पेपरात मुलं आणखी एक चूक हमखास करतात. आकृतीत फक्त दोनच बाजूंवर आकडे लिहिलेले असतात, १२ आणि ७. मुलं १२ + ७ = १९ करून मोकळी होतात, कारण ज्या बाजूवर आकडा नाही ती त्यांना दिसतच नाही. अशा वेळी मी सांगायचो, पेन्सिलचं टोक एका कोपऱ्यावर ठेव आणि कड गिरव. टोक परत त्याच कोपऱ्यावर येईपर्यंत उचलायचं नाही, आणि प्रत्येक बाजू गिरवताना तिचं माप बाजूला लिहायचं. १२, ७, १२, ७. बेरीज ३८. हे आठ दिवस केलं की मुलंच म्हणतात, "सर, समोरासमोरच्या सारख्या आहेत, मग एकदाच बेरीज करून दुप्पट करू का?" सूत्र त्यांनी स्वतः शोधलेलं असतं. ते विसरत नाहीत.

चालण्यावरून आठवलं. शंकराच्या देवळात पूर्ण फेरी घालत नाहीत. सोमसूत्री प्रदक्षिणेत नंदीपासून निघून गोमुखीपर्यंत, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ती न ओलांडता परत फिरायचं, मग दुसऱ्या बाजूने गोमुखीपर्यंत जाऊन पुन्हा नंदीपाशी यायचं. एकदा वर्गात विचारलं होतं, या प्रदक्षिणेत आपण परिमितीच्या किती पट चालतो? प्रत्येक तुकडा दोनदा चालून होतो, म्हणून गोमुखीची जागा सोडली तर दुप्पट. सिद्धेश्वराच्या गावातली पोरं, चटकन सांगितलं त्यांनी.

झटपट_सूत्र
सरांचा अनुभव मोठा आहे, पण माझं मत थोडं वेगळं. मी शिष्यवृत्तीच्या मुलांची तयारी करून घेतो. परीक्षेत एका प्रश्नाला जेमतेम मिनिट मिळतं, तिथे पेन्सिल फिरवत बसायला वेळ नसतो. चौरस म्हणजे ४ × बाजू. आयत म्हणजे २ × (लांबी + रुंदी). समभुज त्रिकोण ३ × बाजू, सुसम षटकोन ६ × बाजू, वर्तुळाचा परीघ २ × पाय (π, म्हणजे घेर भागिले व्यास) × त्रिज्या. एवढं पाठ हवंच. एकक बघून ओळखायला शिकवा : सेमी असेल तर परिमिती, चौसेमी असेल तर क्षेत्रफळ.

खडू_फळा
एककाचा मुद्दा अगदी बरोबर, तो शिकवायलाच हवा. पण ताईंच्या मुलीने ८४ "सेमी" लिहिलंय. एकक बरोबर आणि उत्तर चूक! म्हणजे एकक पाठ आहे, त्यामागची गोष्ट नाही. आणि समभुज त्रिकोण, चौरस, षटकोन यांची सूत्रं वेगवेगळी पाठ का करायची? बाजू सारख्या असल्या की जितक्या बाजू तितक्या पट, एवढं एकदा उमगलं की अष्टकोनही येतो आणि बारा बाजूंचाही. पाठांतराला माझा विरोध नाही. ते शेवटी यावं.

यंत्रमाग_६८
अक्का, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही म्हणता परिमिती सांगता येईना, पण दिवसभर तुम्ही दुसरं काय करता? टॉवेलच्या चारी कडांना शिलाई मारता ना? ती शिलाई म्हणजेच परिमिती. ३० बाय ६०चा टॉवेल घ्या. सुई ६० इंच गेली, वळली, ३० गेली, वळली, पुन्हा ६०, पुन्हा ३०. १८० इंच, म्हणजे १५ फूट. दहा नगांना १५० फूट धागा, आणि दोऱ्याची गाठ वर-खाली असते त्यामुळे रीळ त्याहून जास्त जातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. टॉवेल पाणी किती टिपेल ते त्याच्या पसरट अंगावर, ते क्षेत्रफळ. पोरीला मशिनजवळ बसवा नि विचारा, "शिलाई किती लागली?" आणि "कापड किती लागलं?" दोन प्रश्न, दोन वेगळी मापं.

आता तोच टॉवेल मधोमध कापून दोन चौकोनी रुमाल करा. कापड तेवढंच. पण शिलाई? एकेका रुमालाला १२० इंच, दोघांना २४०. साठ इंच वाढली, कारण कापलेली जागा दोन्हीकडून शिवावी लागते. छोट्या नगाला मजुरी परवडत नाही असं आपल्याकडच्या बायका म्हणतात, त्यामागं हेच गणित आहे.

एक खाचही सांगतो. आमच्या मागावरची चादर ६० बाय ९०. परिमिती ३०० इंच. पण तिच्या दोन्ही लांब बाजूंना मागावरच काठ विणून येतो, तो सुटत नाही. कापतो फक्त आडव्या दोन कडा. म्हणून बांधायच्या कडा १२० इंचच. गणितात "भोवती" म्हटलं की चारी बाजू. प्रत्यक्ष कामात कुठली बाजू धरायची ते आधी बघायचं.

घरकुलची_आई
दादा, तुमचं वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. पंधरा वर्षं हे काम करतेय, कधी मनात आलं नाही. संध्याकाळी तिला जवळ बसवलं आणि कड शिवताना मोठ्यानं मोजायला लावलं. दोन टॉवेल झाल्यावर म्हणाली, "आई, म्हणजे मी पेपरात शिलाई विचारली तर कापड सांगितलं." मला वाटतं हिला कळलंय.

मालदांडी
मोहोळ तालुक्यातून. शेतकऱ्याला परिमिती तारेच्या कुंपणाला लागते आणि तिथे चुकलं की थेट खिशाला बसतं.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर एकर म्हटलं की सगळ्यांचं रान सारखं वाटतं, पण कुंपण सारखं लागत नाही. एकर चौरस असेल तर बाजू २०८.७ फुटांच्या आसपास, भोवती जवळपास ८३५ फूट. आमच्याकडे वाटण्या होऊन होऊन पट्ट्या पडल्यात. माझी पट्टी ६६ बाय ६६०. एकरच आहे, पण भोवती १,४५२ फूट! तीन पदरी तार घेतली तर चौरसाला अडीच हजार फूट आणि मला ४,३५६. पीक तेवढंच, पाणी तेवढंच, तार पावणेदोन पट. भाऊबंदकीत रान लांबट वाटून घेताना हे कुणी बोलत नाही, बोलायला पाहिजे.

खांबांचं पण सांगतो. ११ फुटांवर एक खांब ठरला. ज्याला काम दिलं त्याने हिशेब केला : लांब बाजूला ६१, ६१, आखूड बाजूला ७, ७, एकूण १३६. मी तेवढे आणले. चार उरले. रात्री कंदिलाजवळ बसून शोधलं तेव्हा कळलं, कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंना मोजला गेला होता. सरळ १,४५२ भागिले ११ केलं असतं तर १३२ आलेच असते. एका सरळ रेषेत खांब लावले तर शेवटचा एक जादा लागतो. गोल फिरून परत आलो की पहिला खांबच शेवटचा असतो. हे पोरांना नक्की शिकवा.

खडू_फळा
मालदांडी, तुमचं उदाहरण वर्गात वापरायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! परीक्षेत "खांब किती" हा प्रश्न येतो आणि मुलं सवयीने एक मिळवतात.

जोत्याची_दोरी
मी बांधकामावर मिस्त्री आहे, जुळे सोलापूरकडं कामं चालू असतात. आमच्यात रोजचंच. १० बाय १२ची खोली. फरशी १२० चौरस फूट. भिंतीच्या बुडाची स्कर्टिंगची पट्टी ४४ फूट, त्यातून दाराचे ३ वजा, ४१. नवीन पोरगं कामाला आलं की मी हेच दोन आकडे विचारतो. ज्याला जमलं त्याच्या हातात टेप देतो.

पण मला वेगळंच सांगायचंय. प्लॉट ३० बाय ४०. मालकाने नकाशात एका कोपऱ्यातून १० बाय १२चा तुकडा गाडीसाठी सोडला. म्हणाला, "आता भिंत कमी लागेल, विटा कमी धर." मी म्हटलं, एक वीटसुद्धा कमी होत नाही. पटेना. मग दोरी आणली. पूर्ण चौकोनाला १४० फूट. कोपरा आत घेतला तरी १४०. का? कोपऱ्यात आधी १० फूट पुढं आणि १२ फूट खाली जात होतो, आता आधी १२ खाली जातो आणि मग १० पुढं. वाट बदलली, चालणं तेवढंच. जागा मात्र १,२०० वरून १,०८० झाली.

आणि तोच तुकडा कोपऱ्यातून न काढता एका बाजूच्या मधून काढला तर? भिंत उलट २४ फूट वाढते, कारण १२ फूट आत जायचं आणि १२ फूट बाहेर यायचं. जागा कमी झाली आणि घेर वाढला. हे दोरीशिवाय कुणाला सांगून पटत नाही, म्हणून ताई, मुलीच्या हातात दोरी द्या.

झटपट_सूत्र
जोत्याची_दोरी, हे फार छान. एल आकाराची आकृती परीक्षेत दोन बाजूंचे आकडे न देताच येते आणि मुलं "माहिती अपुरी" असा पर्याय निवडतात. मी आजवर तुकडे पाडून सोडवायला शिकवत होतो. दोरीची पद्धत उद्यापासून वापरणार. खडू_फळा सर, तुमचं म्हणणंही पटायला लागलंय.

सकाळची_फेरी
मला धावण्याची आवड आहे, म्हणून वर्तुळाकडे वळतो. शर्यतीत ४०० मीटरला सगळे एका रेषेत का उभे राहत नाहीत, बाहेरचे पुढे का असतात, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रमाणित मैदानात दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन टोकांना अर्धवर्तुळं, आतल्या कठड्याची त्रिज्या ३६.५ मीटर. पहिल्या पट्ट्याचं अंतर कठड्यापासून ३० सेंमी बाहेर मोजतात, म्हणजे त्रिज्या ३६.८. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ, त्याचा परीघ २३१.२२ मीटर. दोन सरळ बाजू १६८.७८. बेरीज बरोबर ४००. दुसऱ्या पट्ट्याचं अंतर त्याच्या आतल्या रेषेपासून २० सेंमीवर मोजतात, त्यामुळे पट्ट्याची रुंदी धरून त्रिज्या १.१२ मीटरने वाढते आणि फेरी ७.०४ मीटरने. तेवढं अंतर दुसऱ्या धावपटूला पुढून सुटायला देतात.

यातली गंमत अशी की हा ७.०४चा आकडा मैदानाच्या आकारावर अवलंबूनच नाही. त्रिज्या १ मीटरने वाढली की परीघ ६.२८ मीटरने वाढतो, बस्स. विहिरीभोवती एक मीटर बाहेरून चाला किंवा सिद्धेश्वर तलावाएवढ्या गोल तळ्याभोवती एक मीटर बाहेरून चाला, जादा चालणं तेवढंच. मी हे पहिल्यांदा कळल्यावर दोन दिवस कागदावर तपासत होतो.

घरकुलची_आई
काल रविवार होता. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं थोडं थोडं करून पाहिलं. मुलीने दोरीने तांब्या, डबा, परात, सगळं मोजलं. घेर भागिले व्यास. तांब्याला ३.१, परातीला ३.१५, डब्याला ३.२. म्हणाली, "आई, सगळ्याचं तीन आणि थोडंसंच का येतंय?"

मग ज्वारीची भाकरी मोजली. २१ सेमी व्यास, घेर ६६. ती निम्मी मोडली आणि मी विचारलं, आता घेर किती? ती म्हणाली ३३. मलाही तेच वाटलं. दोरी लावली तर ५४ आला! कुठे चुकलो?

खडू_फळा
चुकला नाहीत, दोरी खरं बोलली. अर्ध्या भाकरीला गोल कड ३३, आणि मोडली ती सरळ कडसुद्धा आहे, २१. बेरीज ५४. अर्धवर्तुळाच्या परिमितीत व्यास धरायला विसरणं ही आठवी-नववीतलीही नेहमीची चूक. आता चतकोर करून बघा. गोल कड १६.५, दोन सरळ कडा १०.५च्या. ३७.५. चार चतकोरांचे मिळून १५०. अख्ख्या भाकरीचे फक्त ६६ होते. यंत्रमाग_६८ यांनी रुमालाचं सांगितलं तेच इथे झालं : प्रत्येक नवी कड दोन्हीकडून मोजली गेली.

आणि "तीन आणि थोडंसं" हा प्रश्न मुलीने स्वतः विचारला, तिला माझी शाबासकी सांगा. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला आणि तो "आसन्न" म्हणजे जवळपासचा आहे असंही सांगून ठेवलं. भागून बघा, ३.१४१६. भास्कराचार्यांनी पुढे ११५० मध्ये दोन किमती दिल्या : सूक्ष्म कामाला ३९२७ भागिले १२५०, आणि रोजच्या स्थूल कामाला २२ भागिले ७. शाळेत आपण वापरतो ती ही स्थूल. तांब्या-परातीला पुरते.

यंत्रमाग_६८
अक्का, पोरीला माझ्याकडून एक प्रश्न. १८० इंचच शिलाई मारायची, पण जास्तीत जास्त कापड त्यात बसवायचं. टॉवेल कुठल्या आकाराचा करशील?

घरकुलची_आई
दादा, तिने काल रात्री आणि आज शाळेतून आल्यावर हेच केलं. आधी ३० बाय ६०, कापड १,८००. मग ४० बाय ५०, २,०००. मग ४५ बाय ४५, २,०२५. पुढे ४४ बाय ४६ केलं तर एकाने कमी झालं, म्हणून चौरसावर थांबली. मग म्हणाली गोल केला तर? सरांनी सांगितलेल्या २२ भागिले ७ ने काढलं, व्यास ५७ इंचांच्या थोडा वर, कापड २,५७५ चौरस इंचांच्या पुढे. वहीभर आकडेमोड केली, मी फक्त बघत होते.

यंत्रमाग_६८
शाब्बास! मग टॉवेल गोल का करत नाहीत, विचारलं का तिनं?

घरकुलची_आई
विचारलं. मी म्हटलं, मागावरून कापड सरळ येतं, गोल कापलं की चारी कोपऱ्यांचं वाया जातं. तिला तेवढ्यानं पटलं नाही, शिवूनच बघू म्हणाली. उरलेल्या तुकड्यातून २१ इंच व्यासाचं गोल कापलं, अर्धा इंच कड दुमडून मशिनवर घेतलं. शिवताना जागोजाग चुण्या पडल्या. गोल कडेला चुण्या पडतात हे मला माहीत होतं, पण का पडतात ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी दोरी घेऊन बसलो. कापलेली कड ६६ इंच. अर्धा इंच दुमडल्यावर ती कड आधी होती तिथून एक इंच आत येऊन बसते, तिथं व्यास १९ राहतो, म्हणजे जागा जेमतेम ५९.७ इंच. सव्वासहा इंच कापड जास्त झालं, ते जाणार कुठं? तेच चुण्यांमध्ये गेलं. आणि सकाळची_फेरी यांनी लिहिलंय ना, त्रिज्या एकने बदलली की ६.२८, हा तोच आकडा निघाला! तिनेच तुमचा प्रतिसाद उघडून मला दाखवला.

आता ती म्हणतेय की तुकडा मोठा घेतला तरी सव्वासहा इंचच जास्त होणार, पण ते लांब घेरात पसरेल, म्हणून चुण्या कमी दिसतील. उद्या मोठा तुकडा आणून ठेवते.